परदेशातल्या दवाखान्यात नेट कसं मिळवलंत? अनुभव लिहा

विश्रामबागची मावशी (सांगली)

गेल्या वर्षी लेकीच्या बाळंतपणाला जर्मनीला गेले आणि तिसऱ्याच आठवड्यात जिन्यावरून घसरून खुब्याचं हाड मोडून घेतलं. लेक एका दवाखान्यात, मी दुसऱ्या. मधल्या मध्ये जावयाची तारांबळ.

ऑपरेशन चांगलं झालं, जेवण अळणी होतं, दोन्हींबद्दल तक्रार नाही. अडलं ते वायफायपाशी. रिसेप्शनवरून कोडची चिठ्ठी आणायची, ती एक दिवस चालणार, पैसे रोजच्या रोज. रिसेप्शन तळमजल्यावर, मी चौथ्या मजल्यावर, खुब्यात स्क्रू. मग जावयानं प्रीपेड सिम आणलं. पण तिकडे 2017 पासून प्रीपेड सिमलासुद्धा ओळख पटवावी लागते, आणि ती पटवायची व्हिडिओ कॉलवर. म्हणजे नेट मिळवायला आधी नेट पाहिजे! शेवटी जावयाच्या हॉटस्पॉटवर ते झालं. पडद्यावरची बाई 'पासपोर्ट तिरका करा, आता हलवा' म्हणत होती आणि मी सलाईनच्या हातानं तो हलवत होते.

गणपतीचे दिवस होते. आपल्याकडे संध्याकाळी साडेसातची आरती म्हणजे तिथे दुपारचे चार. घरच्यांनी फोन देव्हाऱ्यासमोर टेकवून ठेवला की शेजारच्या खाटेवरच्या जर्मन आजीही टाळ्यांचा ठेका धरायच्या. 19 दिवस काढले ते त्या एका सिमवर.

आपल्याकडची कितीतरी माणसं आता बाहेर असतात. कुणावर अशी वेळ आली असेल तर लिहा. दवाखान्याचं नाव नको, फक्त काय अडलं आणि कसं सुटलं ते सांगा.

बेदाणा (तासगाव)

मावशी, माझं दुखणं वेगळं होतं. नेट होतं, ओटीपी नव्हता.

द्राक्षाच्या सीझनला, फेब्रुवारीत, माल बघायला नेदरलँड्सला गेलो होतो. अपेंडिक्स फुटलं. 11 दिवस आत. वायफाय फुकट आणि झकास. व्हॉट्सॲप चालू, भाऊ पॅकहाऊसमधून पेट्या दाखवतोय, सगळं व्यवस्थित. शनिवार आला. पॅकिंगच्या बायकांचा पगार माझ्या खात्यातून जातो. बँक ॲप उघडलं, रक्कम टाकली, आणि ओटीपी येईना. दहा वेळा केलं, खातं लॉक.

मला वाटायचं, वायफाय आहे म्हणजे सगळं आलं. तसं नसतं. ओटीपी हा साधा मेसेज, तो सिमच्या नेटवर्कवरून येतो. माझं भारतातलं सिम मी खर्च वाचवायला रोमिंग चालू न करताच नेलं होतं. फोनमध्ये सिम होतं, पण मेलेलं. रोमिंग चालू असलं की येणाऱ्या मेसेजला सहसा पैसे पडत नाहीत, पडतात ते कॉल उचलला किंवा डेटा वापरला की. हे मला दवाखान्यात झोपून कळलं. पगार भावानं उसनवारी करून भागवला आणि बायकांनी दोन दिवस मला काय काय म्हटलं ते त्यानं अजून सांगितलेलं नाही.

आता जाताना घरूनच रोमिंग चालू करतो, त्या सिमचा डेटा बंद ठेवतो आणि नेटसाठी युरोपचं ई-सिम (कार्ड न घालता फोनमध्येच चालू होणारं सिम) टाकतो. एकच ई-सिम नेदरलँड्समध्येही चालतं, जर्मनीतही. फोन ई-सिम घेतो का ते मात्र निघायच्या आधी बघा.

माणदेशी गडी (दहिवडी)

आम्ही दुबईला फिटर. पायावर लोखंड पडलं, 6 आठवडे दवाखान्यात. वायफाय होतं हो, पण तिकडं व्हॉट्सॲपवर नुसतं लिहिणं चालतं, आवाजाचा निरोप जातो, फोटू जातो. कॉल लागत नाही. सरकारनं परवानगी दिलेली वेगळी ॲपं आहेत, बोटिमसारखी, त्यावरून बोलायचं.

हे आईला कोण समजावणार? तिला एवढंच कळलं की पोरगं तोंड दाखवत नाही. म्हणजे पाय कापला असणार आणि माझ्यापासून लपवतायत. चार दिवस जेवली नाही. मी पायाचा फोटू पाठवला तर म्हणाली, जुना असंल. मग चुलतभावानं तिच्या फोनात ते ॲप टाकलं. पण आमच्या वस्तीवर घरात रेंज नाही, पाण्याच्या टाकीपाशी जावं लागतं. म्हातारी रोज सांजच्याला टाकीपाशी जाऊन बसायची. पहिल्यांदा दिसलो तेव्हा तिनं बोटं हलवून दाखव म्हणून सांगितलं. पाचही बोटं मोजली आणि मग म्हणाली, जेवलास का?

व्हीपीएन (आपण दुसऱ्याच देशातनं नेट वापरतोय असं भासवणारं ॲप) लावून कॉल करायचा सल्ला लई जण देतात. त्या देशात त्यावरनं गुन्हा लागू शकतो. आजारपणात कशाला नसतं लचांड.

कोरेगावकर

ब्रिटनमध्ये शिकताना न्यूमोनियानं 3 आठवडे वॉर्डात होतो. एनएचएसचं (तिथल्या सरकारी आरोग्यसेवेचं) वायफाय फुकट, अटी मान्य करायच्या आणि चालू. दुकानातलं प्रीपेड सिम बिनकागदाचं मिळतं. आपल्याकडच्या ॲपवर मॅच मात्र दिसत नाही, ते हक्क देशापुरते असतात. बाकी सांगण्यासारखं काही नाही.

पांढरा ॲप्रन (मूळ मिरज, सध्या आयर्लंड)

वॉर्डात काम करते, म्हणून दुसऱ्या बाजूनं लिहिते. तासाभरात तीन पेशंट तरी 'सिस्टर, वायफाय' म्हणून हाक मारतात.

निम्म्या वेळा वायफाय चालूच असतं, फक्त अटींचं ते पान उघडत नाही. व्हीपीएन बंद करा, अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमधलं 'प्रायव्हेट डीएनएस' बंद करा, मग ब्राउझरमध्ये कुठलाही साधा पत्ता टाका. बहुतेकदा पान येतं. रोज पुन्हा लॉगिन मागत असेल तर त्या नेटवर्कपुरता फोनचा रँडम मॅक पत्ता (वायफायला फोन सांगतो ती बदलती ओळख) बंद करून बघा. फोन दर वेळी वेगळा पत्ता सांगत असेल तर यंत्रणेला तो नवाच पाहुणा वाटतो.

एक्सरे खोलीच्या भिंतीत शिसं असतं आणि एमआरआयची खोली तर सगळीकडून धातूनं वेढलेली. त्यांच्या शेजारची खाट मिळाली तर सिग्नलची आशा सोडा, खिडकीजवळची मागून बघा. खाट बदलायला आम्ही नाही म्हटलं तर ते दुष्टपणानं नसतं. बँकेचं काम शक्यतो दवाखान्याच्या वायफायवर नको, स्वतःच्या डेटावर करा.

आणि हात जोडून सांगते, चार्जर लावायला मॉनिटरचा प्लग काढू नका. काढलाय लोकांनी. आपल्याच लोकांनी.

दर्यावर्दी (वाळवा)

जहाजावरून पोटदुखीनं जपानला उतरवलं. पित्ताशय. दवाखान्यात वायफाय फक्त खाली लॉबीत. एजंटनं भाड्याचं पॉकेट वायफाय आणून दिलं, काड्यापेटीपेक्षा थोडं मोठं. काम झालं की सोबतच्या पाकिटात घालून पोस्टात टाकायचं, बस. भाषांतराचं ॲप त्याच्यावरच चाललं. नाहीतर 'गॅस झालाय' हे जपानी नर्सला खुणांनी सांगायचं म्हणजे विचार करा.

अडचण वेळेची होती. तिथे रात्री 9 ला वॉर्डातले दिवे मालवतात. आपल्याकडे तेव्हा साडेपाच, पोरं नुकती शाळेतून आलेली. पांघरुणात तोंड खुपसून त्यांची शाळा ऐकायचो, उत्तर लिहून द्यायचो. धाकटीला वाचता येत नव्हतं, तिला थोरला वाचून दाखवायचा. मधले मधले शब्द तो स्वतःचे घालायचा हे नंतर कळलं.

पोवई नाका (सातारा)

मी आजारीही नव्हतो आणि परदेशातही नव्हतो. पण लिहितो, कारण दोरीचं दुसरं टोक माझ्या हातात होतं.

लेक अमेरिकेत, पूर्व किनाऱ्यावर, 41 दिवस दवाखान्यात. हिवाळा, म्हणजे साडेदहा तासांचा फरक. तिकडचं वायफाय एकदम चोख. तुटायचं ते आमच्याकडे. तिचे डॉक्टर सकाळी आठला राउंडला यायचे, ते काय म्हणतात हे ऐकायला आम्ही संध्याकाळी साडेसहाला तयार बसायचो, आणि नेमकी तेव्हाच लाइट जायची. चार दिवस हे सहन केलं, मग राउटरला बॅटरी बॅकअपचा डबा आणला. लाइट गेली तरी राउटर चालू. 41 दिवसांतला सगळ्यात उपयोगी खर्च तो. तिकडे सगळं असून इकडचं टोक कच्चं असेल तर काय उपयोग, हे कुणी आधी सांगत नाही.

महिन्यानंतर बोलायला काही उरलं नाही. ताप किती, जेवलीस का, झोप लागली का, संपलं. मग ती म्हणाली, बाबा, बोलू नका, फोन ओट्यावर ठेवून द्या. हिचं भाकरी थापणं, कुकरची शिट्टी, खाली भाजीवाल्याची आरोळी, तिला तेच हवं होतं. ऐकत ऐकत झोपायची.

मी फोन बंद करायला गेलो की ही म्हणायची, राहू द्या चालू, अजून दोन भाकऱ्या व्हायच्यात.