मदत हवी आहे: पऱ्याकाठची रानमोडी आणि घाणेरी कोणत्या क्रमाने काढावी?

रत्नागिरी जिल्ह्यातल्या साखरप्याच्या खालच्या अंगाला काजळी नदीला मिळणाऱ्या आमच्या पऱ्याच्या (ओढ्याच्या) दोन्ही काठांवर रानमोडी आणि घाणेरी इतकी माजली आहे की गुरांना पाण्यावर उतरायला वाट उरलेली नाही. वाडीने ती टप्प्याटप्प्याने काढायचे ठरवले आहे. त्यापूर्वी हे काम प्रत्यक्ष केलेल्यांचा सल्ला हवा आहे.

दोन्ही झुडपे मूळची अमेरिका खंडातली, पण त्यांच्या पसरण्याच्या तऱ्हा निराळ्या आहेत. रानमोडीचे बी उन्हाळ्याच्या तोंडाशी वाऱ्यावर उडते, तर घाणेरीची फळे बुलबुल आणि साळुंक्या खातात, त्यामुळे तिची रोपे पाखरांच्या बसण्याच्या झाडांखाली हमखास सापडतात. नुसता कोयता चालवला तर दोन्ही बुंध्यापासून पुन्हा फुटतात. रानमोडी तर वणव्यानंतरही गड्ड्यातून वर येते आणि पुढच्या वणव्याला सरपण पुरवते. घाणेरीसाठी दिल्ली विद्यापीठाचे सी. आर. बाबू यांची पद्धत वापरण्याचा विचार आहे: मुख्य मूळ जमिनीखाली काही सेंटिमीटरवर तोडून झुडूप उलटे ठेवायचे, म्हणजे मातीही फारशी उकरली जात नाही.

घोडे अडले आहे ते रानमोडीपाशी. मृगाच्या पावसाने जमीन भिजली की ती हाताने मुळासकट उपसता येते, पण आषाढात पऱ्याला लोंढा आला की तोच उघडा पडलेला काठ ढासळण्याची भीती आहे. उलट, नवरात्रानंतर फुलण्यापूर्वी काढायला जावे तर जमीन टणक होत जाते आणि मूळ आतच तुटते. माझा कल असा आहे की वरच्या उतारांवर मृगात उपसावे आणि पाण्यालगतची पट्टी मात्र पावसाळा संपताच, माती ओलसर असताना, तुकड्या-तुकड्याने मोकळी करून तिथे शेरणी, वाळुंज, करंज आणि ताम्हण ही पाण्याकाठची झाडे-झुडपे लावावीत. मात्र पाऊस संपल्यावर लावलेली रोपे उन्हाळ्यात शिंपण्याशिवाय तगतील का? शेरणी आणि वाळुंज छाटाने (फांदीच्या तुकड्याने) लावायची झाल्यास कोणता महिना योग्य, हेही कोणी सांगावे. तणनाशकाचा पर्याय कृपया सुचवू नये, कारण वाडीची नळपाणी योजना याच पऱ्यावर आहे.

ओळखीचा प्रश्न नाही: पान चुरगळल्यावर येणारा उग्र वास आणि देठापाशी फुटणाऱ्या तीन ठळक शिरा यांवरून शाळेतली मुलेही रानमोडी ओळखतात.

दुसरी गाठ जमिनीची आहे. बी वरून खाली येते, म्हणून उगमाकडून सुरुवात करणे शहाणपणाचे. पण वरची जमीन खाजगी, सातबाऱ्यावर नावांची ही रांग, आणि त्यांतले निम्मे चाकरमानी गणपतीतच गावात दिसतात. वरचा भाग तसाच ठेवून खालचा साफ करणे म्हणजे दरवर्षी तेच काम पुन्हा करणे. अशा वेळी प्रत्येक सहहिस्सेदाराची लेखी संमती घ्यावी लागते, की कसणाऱ्याची पुरते? २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते. आमच्याकडे ती कागदावरच आहे. कोकणात कोणी या समितीमार्फत किंवा रोजगार हमीतून असे काम मंजूर करून घेतले असेल, तर प्रस्तावात ते कोणत्या सदराखाली दाखवले होते, एवढे तरी कळवावे.