एसपी-१२०० की एस९५०?
ई-म्यू एसपी-१२०० घ्यावा की आकाई एस९५०, असं एकाने विचारलंय. दोन्ही जुने सॅम्पलर, म्हणजे आवाज रेकॉर्ड करून तो हवा तसा वाजवणारी यंत्रं. दोन्ही १२ बिटचे, म्हणजे आजच्या मानाने आवाज जरा खडबडीत साठवणारे, पण स्वभाव वेगळा. एसपीचा सॅम्पल रेट (आवाजाचे सेकंदाला किती नमुने घेतले जातात तो आकडा) २६.०४ किलोहर्ट्झ, मेमरी जेमतेम १० सेकंदांची. कसब्यातल्या मिरवणुकीत रेकॉर्ड केलेला ताशा मी त्यात घेतला आणि पिच (सुराची उंची) खाली आणला, तर कडकडाटाला अशी खरखरीत धार आली की अंगावर काटा आला! एसपीच्या सातव्या-आठव्या आउटपुटला फिल्टरच (आवाजाची तीक्ष्ण धार कापणारा भाग) नाही, ताशा तिथूनच काढा. एस९५०चा रेट आपण ठरवायचा, अगदी ४८ किलोहर्ट्झपर्यंत; ढोलाचा ठोकाही त्याच्या फिल्टरमधून छान गोल होतो. रोजच्या कामाला मी तोच घेईन. दोन्ही यंत्रं आवाज फ्लॉपी डिस्कवर साठवतात, त्यामुळे फ्लॉपीचं मात्र मनावर घ्या. पुण्याच्या पावसाळ्यात माझ्या निम्म्या फ्लॉप्यांना बुरशी लागली. आधी फ्लॉपी ड्राइव्ह काढून त्याच्या जागी पेनड्राइव्हवर चालणारा गोटेक (फ्लॉपी ड्राइव्हची नक्कल करणारं उपकरण) बसवा.