पानं पळतात, गोष्ट जागच्या जागी: 96 पानी ग्राफिक नॉव्हेलसाठी सल्ला हवा

खाडीकाठ
बुडालेल्या मुंबईवरची रंगीत ग्राफिक नॉव्हेल आहे. थंबनेल (पानांचे छोटे कच्चे आराखडे) पूर्ण, शाई बाकी. समुद्र चढलाय, दादर-परळ भिंत घालून कोरडं ठेवलंय आणि तिथे 'जलमंडळा'चं राज्य आहे. भिंतीबाहेरचे लोक जुन्या इमारतींच्या वरच्या मजल्यांवर राहतात. नायिका रेवा, वय 17, पाण्याला हुकूम देऊ शकते. मंडळाचे शिपाई तिच्या मागावर. पाठलाग तीन: पान 9 ते 24, 41 ते 56 आणि 73 ते 86. ज्यांनी वाचलं ते म्हणतात, एका बैठकीत संपतं, पण शेवटी "मग झालं काय?" असं होतं. वेग घालवायचा नाही, पानंही वाढवायची नाहीत. आणखी एक: पान 57 वर भिंतीची झडप (पाणी अडवणारं दार) बंद होते, तो धक्का कुणालाच बसत नाही. का?

ठिपका
96 पैकी 46 पानं पळापळीची. तेही चालेल. कथानक बारीक असलं म्हणून पुस्तक पडत नाही, पळून काही बदललं नाही की पडतं. प्रत्येक पानासाठी एकच ओळ लिहा: कुणाला काय हवं होतं आणि पान संपताना काय बदललं. मग ओळी जोडून पाहा. जिथे 'म्हणून' किंवा 'पण' बसतं तो सांधा पक्का. जिथे नुसतं 'आणि मग' येतं तिथे गोष्ट थांबलेली आहे, चित्रं कितीही धावोत.

पाठलागांचंही तसंच. पहिला संपल्यावर रेवा सुटली, दुसऱ्यातही सुटली, म्हणजे दुसऱ्याची सोळा पानं काढून टाकली तरी कुणाला पत्ता लागणार नाही. पहिल्यात तिच्या हातून होडी जाऊ दे. होडी नाही म्हणून ती दुसऱ्यात मंडळाच्याच पाइपात शिरेल आणि तिथे तिला काहीतरी दिसेल, जे दिसायला नको होतं. तिसऱ्यात पळणारे शिपाई असावेत.

दुसरं, जादूला अट नाही. जी मुलगी पाण्याला केव्हाही हुकूम देऊ शकते, ती पळतेच कशाला?

उधाणवारा
ती अट मुंबईच्या समुद्रातच पडलेली आहे, बाहेरून आणायला नको. दिवसात दोन भरत्या, साधारण 12 तास 25 मिनिटांच्या अंतराने. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, म्हणजे मोठी भरती; अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे लहान भरती. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ ढोबळमानाने मिळते: अष्टमीला सहा, दशमीला साडेसात. हा हिशेब रेवाला तोंडपाठ हवा. घड्याळं बंद पडलेल्या शहरात तेच तिचं घड्याळ.

आता झडप. खऱ्या मुंबईत भरती मोठी असली की समुद्राचं पाणी नाल्यांतून आत येऊ नये म्हणून दारं लावतात. मग पावसाचं पाणी बाहेर जाऊ शकत नाही, ते पंपाने उपसावं लागतं. हाजी अली, लव्हग्रोव्ह ही उदंचन (पाणी उपसणारी) केंद्रं त्यासाठीच आहेत. दादर-परळमधला हिंदमाता परिसर तर मुळातच बशीसारखा सखल. म्हणजे तुमची भिंत शहराला वाचवते आणि पावसात तीच त्याला बुडवते. मंडळ आतलं पाणी उपसून बाहेरच्या वस्तीवर सोडतं, एवढं ठेवलंत की खलनायकाला भाषण देण्याची गरज उरत नाही.

रेवाची ताकद उधाणात वाढते, भांगेला ओसरते असं करा. ज्या दिवशी ती सगळ्यात बलवान, त्याच दिवशी तिची वस्ती पाण्याखाली. झाला पेच, एक पानही न वाढवता.

रेघोट्या
57 चं उत्तर साधं आहे. विषम पान उजवीकडे येतं. वाचक 56 उघडतो तेव्हाच 57 नजरेला पडतं, धक्का आधीच फुटलेला असतो. तो सम पानावर, म्हणजे पान उलटल्यावर हवा. 57 च्या शेवटच्या चौकटीत रेवा कशाकडे तरी बघतेय, 58 वर पूर्ण पान झडप.

पाठलागात सगळीकडे सहा-सात चौकटी असतील तर तो वेग राहत नाही, खडखडाट होतो. तीन रुंद चौकटींचं एक निःशब्द पान मध्ये टाका. दर चार पानांनी एक लांबून घेतलेली चौकट हवी, नाहीतर कोण कुठून कुठे पळतंय तेच कळत नाही. पळण्याची दिशाही सांभाळा: रेवा डावीकडून उजवीकडे धावत असेल तर अख्ख्या पाठलागात तशीच धावू द्या. दिशा उलटली की ती परत फिरली असं वाटतं.

खाडीकाठ
58 वर नेतो, त्यासाठी दुसऱ्या पाठलागाला एक पान वाढवतो. पुढचं सगळं एक पानाने सरकेल. छपाईत अडचण?

फॉर्मवाला
16 पानी फॉर्मने (एका मोठ्या कागदावर एकत्र छापून घडी घातलेली पानं) 96 म्हणजे सहा फॉर्म, नेमके. 97 होत नाही. तिसऱ्या पाठलागातून एक पान कापा, नाहीतर सरळ 104 ला जा, म्हणजे अर्धा फॉर्म जास्त. आणि सरकवताना जोडपानं तपासा: 60-61 वर पसरलेलं चित्र 61-62 झालं तर ते एकाच कागदाच्या दोन बाजूंना जाईल. परफेक्ट बाइंडिंगमध्ये (पाठीला गोंदाने चिकटवलेली पानं) मधला भाग गिळला जातो, तिथे चेहरा किंवा संवादाचा फुगा नको. ब्लीड (कापताना पांढरी कड राहू नये म्हणून चित्र पानाबाहेर वाढवतात तो भाग) 3 मिमी, मजकूर कडेपासून 8-10 मिमी आत.

रात्रीची पानं बरीच दिसतात. गडद भागात चारही शायांच्या टक्क्यांची बेरीज 300 च्या आत ठेवा, अनकोटेड (चकाकी नसलेल्या) कागदावर आणखी कमी, नाहीतर शाई वाळत नाही आणि समोरच्या पानाला लागते. फुग्यातली अक्षरं मात्र फक्त 100 टक्के काळ्यात. चार शायांत गेली आणि प्लेट जराशी हलली तर मात्रांना रंगीत कडा येतात.

लेटरिंग (फुग्यांतला मजकूर) इनडिझाइन या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये करत असाल तर त्यातला वर्ल्ड-रेडी कंपोझर (देवनागरी नीट जुळवणारा पर्याय) निवडा. तो नसला की पहिली वेलांटी अक्षराच्या आधी न येता नंतर येते, जोडाक्षरं हलंत दाखवत फुटतात. 10 पॉइंटच्या अक्षराला 14-15 ची ओळ द्या, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत अडकतो. मुक्त परवान्यातला फॉन्ट हवा असेल तर 'एक टाइप' या संस्थेचा 'बालू' बघा, फुग्यात जाड आणि गोल दिसतो. फुगे आधी, रंग नंतर: मराठी वाक्य फुग्यात मावलं नाही तर फुगा वाढतो आणि खालचं रंगवलेलं चित्र फुकट जातं.