शब्दचर्चा: पॅचला 'ठिगळ' म्हणावं का?

लिनक्सच्या कर्नलला (ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याला) ड्रायव्हरचे, म्हणजे हार्डवेअर चालवणाऱ्या कोडचे, पॅच (कोडमधल्या बदलांचा ईमेलने जाणारा मजकूर) कसे पाठवायचे यावर मराठीत टिपण लिहितोय. कोशात 'पॅच'ला ठिगळ सापडतं. 'मी लिनक्सला तीन ठिगळं दिली' हे वाचून माझं मलाच हसू आलं. दुसरं काही सुचतंय का?

— ठिगळ अगदीच उपरं नाही हो. कागदी पट्टीवर भोकं पाडून प्रोग्राम भरायचे, तेव्हा चुकलेली भोकं खरोखरच तुकडा चिकटवून बुजवत. पण आताच्या पॅचमध्ये उणे चिन्हाच्या ओळी जातात, अधिकच्या येतात आणि सांधा दिसत नाही. ते रफू झालं.

— रफूही नको. हजारभर ओळींचा कोरा ड्रायव्हरसुद्धा पॅच म्हणूनच जातो. सदऱ्याला नवी बाही जोडली तर रफू म्हणाल का? नाम 'पॅच'च राहू द्या (पुल्लिंगी, 'ती पॅच' कानाला खटकतं). मराठीपण क्रियापदात आहे. आपण पॅच पाठवतो, मेंटेनर (कोडचा तो भाग सांभाळणारा) तो लावतो. मधल्या काळात मूळ कोड बदलला, तर पॅच 'लागत नाही', कुलूप लागत नाही तसा. 'लागू होत नाही' लिहिलंत की शासन निर्णय वाटतो! लॅरी वॉलने १९८५ साली लिहिलेल्या 'पॅच' प्रोग्रामचं कामही हेच: आजूबाजूच्या ओळी जुळवून जागा शोधायची आणि बदल लावायचा.

— आणि पॅचच्या वर्णनाखालची 'साइन्ड-ऑफ-बाय' ही ओळ?

— नुसतं 'सही' नको. २००४ पासूनची ही ओळ म्हणजे 'हा कोड द्यायचा मला हक्क आहे' अशी ग्वाही. शिवाय पॅच ज्याच्या हातून पुढे सरकतो, तो मेंटेनरही खाली आपली ओळ जोडतो. पावतीवर 'हस्ते' लिहितात ना, त्याच्या जवळचं आहे हे.

— व्याकरणाचा मुद्दा राहिला. पॅचच्या ईमेलमधली विषयाची ओळ आज्ञार्थी हवी, कोडला हुकूम सोडल्यासारखी. माझा पहिला पॅच एका सेन्सरच्या ड्रायव्हरचा होता. प्रोब (उपकरण सुरू करून देणारी पायरी) मध्येच फसला की क्लॉक (उपकरणाला ठेका देणारा सिग्नल) चालूच राहायचा. दुरुस्ती एका ओळीची, पण मी 'फिक्स्ड' लिहिलं होतं. 'फिक्स' कर म्हणून परत आला. मराठीत सांगायचं तर 'क्लॉक बंद कर', 'बंद केला' नव्हे.

— मग व्ही-टूला, म्हणजे सुधारून पुन्हा पाठवलेल्या पॅचला, 'दुसरी आवृत्ती' म्हणू?

— आवृत्ती छापून झालेल्याची असते. 'दुसरा खर्डा' म्हणा. खर्ड्यात काय बदललं तेही तीन आडव्या रेघांच्या खाली लिहितात. पॅच लागला की तेवढा मजकूर गळून जातो.