नागपूरभोवतीच्या लोकल कोणाच्या हाती राहणार?

अजनीकर: वर्धा, नरखेड, रामटेक आणि भंडारा रोड या मार्गांवरील प्रस्तावित ब्रॉडगेज मेट्रो सुरू झाल्यास, रूळ रेल्वेचे आणि डबे महामेट्रोचे अशा व्यवस्थेत गाडीला सिग्नल कोण देणार, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

इतवारीकर: ज्याचे रूळ, त्याचाच सिग्नल. आपल्याकडचा गुंता वेगळाच आहे. एकाच शहरात दोन रेल्वेंचे दोन ‘नागपूर विभाग’ नांदतात. वर्धा आणि नरखेडकडचे मार्ग मध्य रेल्वेचे, तर इतवारीहून रामटेक व भंडारा रोडकडे जाणारे दक्षिण पूर्व मध्य रेल्वेचे असल्यामुळे, वर्ध्याहून थेट भंडारा रोडला लोकल सोडायची झाल्यास ती वाटेत एका नियंत्रकाकडून दुसऱ्याकडे सोपवावी लागेल.

बर्डीवाला: मुंबईतही काम वाटलेलेच आहे. 1999 साली स्थापन झालेले मुंबई रेल्वे विकास महामंडळ, ज्यात रेल्वे मंत्रालयाचा वाटा 51 टक्के आणि राज्य शासनाचा 49 टक्के आहे, मार्गिका बांधते व नवे डबे आणते. मोटरमन, गार्ड आणि वेळापत्रक मात्र मध्य व पश्चिम रेल्वेकडेच असते.

इतवारीकर: बरोबर. पण वर्धा मार्गावर कोळशाच्या मालगाड्या आणि लांब पल्ल्याच्या एक्स्प्रेस यांच्या गर्दीत, तिसऱ्या-चौथ्या मार्गिकेशिवाय लोकलचे वेळापत्रक बसणे मला अवघड दिसते.