मदत हवी आहे: पुराचं पाणी ३८ फूट झालंय, आई-बाबा घरातच आहेत, बोटीसाठी कुणाला फोन करू?

पुण्यातली_लेक
मी पुण्यात आहे. घरी आई-बाबा दोघंच. पाणी ३८ झालंय आणि चढतंय. शेजारचे सकाळीच गेले. आई म्हणते, अजून दारात आलेलं नाही, २००५ला पायरीपर्यंतच आलं होतं. नगरसेवक फोन उचलत नाहीत. बोट कुठून मिळते? अंधार पडायच्या आत काहीतरी सांगा.

पंचगंगाकाठ
३८ कुठलं? कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर ३८ असेल तर इशारा पातळीला एकच फूट राहिला, तिथे इशारा ३९ आणि धोका ४३. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला इशारा ४० आणि धोका ४५. गाव सांगा आधी.

वाशिष्ठीकर
मी चिपळूणचा. २२ जुलै २०२१चा पूर आम्ही अंगावर काढलाय. आकडा सोडा, भरतीची वेळ बघा. भरती असली की नदीचं पाणी पुढे सरकत नाही, गावात पसरतं. ओहोटीला थोडी उसंत मिळते, तेव्हा निघायचं.

पंचगंगाकाठ
अहो, घाटावर भरती कुठली? इकडचं पाणी हळू चढतं आणि आठवडाभर हलत नाही. तुमचा अनुभव खरा आहे, पण या बाईंना त्याचा उपयोग नाही.

पुण्यातली_लेक
सांगलीच हो, आयर्विनच. घर दत्तनगरला, कर्नाळ रोडच्या मागे. तळमजला. बोटीचं सांगा कुणीतरी.

गावभागवाला
घाबरू नका. ४० झाल्याशिवाय काही होत नाही. महापालिकेची गाडी भोंगा वाजवत येते, तेव्हा निघालं तरी चालतं. आम्ही दर वेळी तसंच करतो.

कर्नाळरोडकर
गावभागाचा, म्हणजे जुन्या सांगलीचा, हिशेब दत्तनगरला लावू नका. आमच्याकडे नदी समोरून येत नाही, नाल्यातून मागच्या अंगाने येते. सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, दत्तनगर, इथे चाळिशीच्या आधीच पाणी असतं. ताई, आईंना एवढंच विचारा, कोपऱ्यावर पाणी आहे का आणि किती. घोट्याएवढं असेल तर रिक्षा येईल. गुडघ्याला लागलं की कुणी येत नाही, मग बोटच.
आणि २००५च्या खुणेवर विसंबू नका. तेव्हा आयर्विनला ५३-५४ होतं, २०१९ला ५७च्या वर गेलं. ‘पायरीच्या वर येत नाही’ म्हणणारी माझ्या गल्लीतली चार घरं २०१९ला माळ्यावर अडकली होती.

पाटबंधारे_निवृत्त
कृष्णेवरच्या, सांगलीच्या वरच्या अंगाच्या पुलांचे आकडे क्रमाने बघा: कराड, बहे, ताकारी, भिलवडी. भिलवडीला उतार पडल्याशिवाय सांगलीत उतार पडत नाही. कोयना धरणातून विसर्ग किती, म्हणजे किती पाणी सोडलंय, एवढंच बघून चालत नाही. हरिपूरच्या संगमावर वारणा फुगलेली असली की कृष्णेला पुढे वाट मिळत नाही, ती शहरात तुंबते. म्हणून वारणेवरच्या चांदोली धरणाचा विसर्गही बघा.

कृष्णाकाठी
मूळ दुखणं कर्नाटकातलं अलमट्टी धरण आहे. ५१९.६० मीटरपर्यंत भरून ठेवतात आणि फुगवटा आपल्याकडे येतो. यावर कुणी बोलत नाही.

पाटबंधारे_निवृत्त
सरकारने नेमलेल्या वडनेरे समितीने २०१९च्या पुराचा अभ्यास करून अलमट्टीमुळे पूर आला असं म्हटलेलं नाही. तुमचं मत वेगळं असू द्या, त्यासाठी दुसरा धागा काढा. इथे माणसं घरात आहेत.

मिरजेची_माई
गच्चीवर जायला सांगा. पिण्याचं पाणी भरून घ्या, काडेपेटी प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा, मेन स्विच बंद करा. गॅसच्या टाकीचा रेग्युलेटर काढा. आम्ही २०१९ला तीन रात्री गच्चीवर काढल्या.

पुण्यातली_लेक
बाबा गच्चीवर जाऊ शकत नाहीत. त्यांना अर्धांगवायू झालाय दीड वर्षापूर्वी, अंथरुणावरच असतात. लघवीची पिशवी लावलेली आहे. आई एकटी त्यांना हलवू शकत नाही, म्हणून तर बोट विचारतेय. आणि कोपऱ्यावर पाणी घोट्याच्या वर आहे, आत्ताच विचारलं.

कर्नाळरोडकर
ताई, हे पहिल्या ओळीत लिहायचं होतं. आता बोटीची वाट बघायचीच नाही. झोपलेल्या माणसाला भरल्या बोटीत चढवणं फार जोखमीचं. २०१९ला ब्रह्मनाळला बोट उलटली, ती आठवा. तासाभरात, रस्त्यावर गाडी येतेय तोवर काढा.
१०८ला फोन करा, लगेच १०७७ला, म्हणजे जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाला. तुम्ही पुण्यातून लावताय, १०७७च्या आधी ०२३३ जोडा, नाहीतर पुण्याला लागेल. नाहीच लागला तर ११२. ‘आई-बाबा अडकलेत’ एवढंच सांगू नका. ‘अंथरुणावरचा रुग्ण, तळमजला, दत्तनगर, उचलायला चार माणसं हवीत’ असं सांगा आणि घराजवळची खूण द्या.
दुसरीकडे गल्लीतल्या मंडळाच्या पोरांना फोन लावा, तीच सगळ्यात आधी पोचतात. हात असलेली प्लास्टिकची खुर्ची, छातीशी आणि मांडीशी चादर बांधायची, दोघं मागून, दोघं पुढून. पिशवी कमरेच्या खालीच राहू द्या.

पंचनामा_अनुभवी
घर सोडण्याआधी प्रत्येक खोलीचे फोटो काढा. आधार आणि रेशन कार्ड बरोबर घ्या. नंतर तलाठी पंचनाम्याला येतात तेव्हा पाण्याची खूण पुसलेली नसावी.

पुण्यातली_लेक
मंडळाची पोरं आली आहेत. १०७७वाल्यांनी नोंद घेतली, पण रुग्णवाहिकेला वेळ लागेल म्हणाले. पोरांनी टेम्पो आणलाय. विश्रामबागला मावशी आहे, तिकडे नेताहेत. मी निघतेय, इस्लामपूरवरून येऊ का?

पाटबंधारे_निवृत्त
नको. सांगलीवाडीच्या बाजूला पाणी आलं की तो रस्ता बंद होतो. कराडवरून विटा, तासगाव करत या, आणि तो चालू आहे का हे निघण्याआधी पोलिसांना विचारा.

पुण्यातली_लेक
बाबा पोचले. औषधं, फाइल सगळं आहे. आई मात्र टेम्पोतून परत निघालीय, देव्हाऱ्यातले देव राहिलेत म्हणे.

कर्नाळरोडकर
पोरांना फोन लावा, आईंना वाटेतूनच वळवा. देव मी आणतो, घराची खूण मला निरोपात पाठवा. मी कोपऱ्यावरच आहे.