‘सचित्र पुस्तक’ की ‘चित्रपुस्तक’? डॅनिश ‘बिलेडबोग’च्या निमित्ताने

मूळ प्रश्न

आम्ही डेन्मार्कमध्ये आरहूसला राहतो. मुलगी साडेपाच वर्षांची आहे. इथल्या वाचनालयांत लहानांची पुस्तकं फळीवर कणा दाखवत उभी नसतात. बुटक्या खोक्यांत, मुखपृष्ठ पुढे करून ठेवलेली असतात, म्हणजे अक्षरओळख नसलेलं मूलसुद्धा एकेक पुढे ढकलत आपलं आपण निवडतं. दर शनिवारी पिशवीभर पुस्तकं घरी येतात आणि रात्री मी डॅनिश मजकूर डोळ्यांनी वाचत तिला मराठीत सांगते. या तोंडच्या तोंडी केलेल्या भाषांतरात काही शब्द रोज अडतात, म्हणून हा धागा.

पहिला शब्द ‘बिलेडबोग’. ‘बिलेडे’ म्हणजे चित्र, ‘बोग’ म्हणजे पुस्तक. (डॅनिशमध्ये लिहिलेलं आणि बोललेलं यांत बरंच अंतर आहे. मी जमेल तसं अक्षरांना धरून लिहिते आहे.) आईला फोनवर सांगताना मी सहज ‘सचित्र पुस्तक’ म्हणून गेले आणि मग मलाच ते खटकलं. ‘सचित्र’मधला ‘स’ सोबतीचा आहे. ‘सपत्नीक आले’ म्हटलं की आलेला माणूस नवराच राहतो, बायको त्याच्याबरोबर आलेली. तसंच सचित्र पुस्तक म्हणजे मूळ पुस्तक शब्दांचं, चित्रं त्याच्याबरोबर आलेली. असल्या पुस्तकाला डॅनिश लोक ‘सचित्र’ या अर्थाचं वेगळं विशेषण लावतात, त्याला बिलेडबोग म्हणत नाहीत. बिलेडबोगमध्ये चित्र गोष्ट सांगत असतं. ते झाकलं तर गोष्ट लंगडी होते.

मग मराठीत काय म्हणावं?

प्रतिसाद

ताई, ‘चित्रकथा’ आहे की! लहानपणापासून ऐकतोय.

मूळ लेखिका

दादा, माझ्याही मनात तोच आला होता. पण ‘चित्रकथा’ म्हटलं की चौकटी आणि फुगे डोळ्यांसमोर येतात. ‘अमर चित्र कथा’ने तो शब्द त्या प्रकाराला इतका घट्ट बसवलाय की आता सोडवता येणार नाही, आणि सोडवूही नये. डॅनिशमध्ये त्याला ‘टायनेसेरिए’ म्हणतात, म्हणजे रेखाटलेली मालिका. शिवाय बिलेडबोगमध्ये कथा असेलच असंही नाही, नुसत्या कविता असतात, अक्षरमाला असते. हाफ्दान रासमुसेन यांच्या बडबडगीतांची अक्षरमाला १९६७ची, चित्रं इब स्पांग ओल्सेन यांची. ती अजूनही घरोघर म्हटली जाते. ओल्सेन यांना १९७२ मध्ये चित्रकारांसाठीचं हान्स क्रिस्तियान आनर्सन पारितोषिक मिळालं होतं. त्या अक्षरमालेला ‘कथा’ कसं म्हणू?

प्रतिसाद

मी कुडाळकडची. आमच्या पिंगुळीत ‘चित्रकथी’ आहेत, ठाकर समाजातले. सुट्या कागदांवरच्या चित्रांच्या पोथ्या असतात. एकेक चित्र लोकांसमोर उभं धरायचं आणि वाद्यांच्या साथीवर प्रसंग गाऊन सांगायचा. त्या गठ्ठ्याला आम्ही ‘पोथी’च म्हणतो, अक्षरं नसली तरी. तेव्हा चित्रांच्या पुस्तकाला मराठीत जुनं नाव नाही असं कुणी म्हणू नये.

मूळ लेखिका

ताई, तुम्ही फार मोलाचं सांगितलंत. यावरून मला आपल्या एका क्रियापदाकडे नव्याने बघावंसं वाटलं. डॅनिशमध्ये मुलाला जवळ घेऊन वाचण्याला ‘हॉयटलेसनिंग’ म्हणतात, शब्दशः ‘मोठ्याने वाचणं’. शाळेतल्या भाषेत आपण ‘प्रकट वाचन’ म्हणू. पण घरात कुणी मूल ‘आई, प्रकट वाचन कर’ म्हणत नाही. ते म्हणतं, ‘वाचून दाखव.’ ऐकवायची गोष्ट, आणि क्रियापद मात्र डोळ्यांचं! ‘म्हणून दाखव’, ‘करून दाखव’ यांत ‘दाखव’चा अर्थ बराच झिजलाय, हे कबूल. पण बिलेडबोग मांडीवर घेतलं की तो पुन्हा खराखुरा होतो, कारण वाचायचंही असतं आणि दाखवायचंही असतं. तुमचे चित्रकथी तेच करतात. एवढं नेमकं क्रियापद डॅनिशकडे नाही.

अगदी तान्ह्यांच्या जाड पुठ्ठ्याच्या पुस्तकाला मात्र त्यांच्याकडे गोड शब्द आहे: ‘पेगेबोग’. ‘पेगे’ म्हणजे बोट दाखवणं. पानावर एक चेंडू, एक मांजर, एक बूट, आणि बाळाने त्यावर बोट ठेवायचं. यात वाचणाऱ्याचं काम शब्दाच्या नावातच आलंय.

प्रतिसाद

मी एका छापखान्यात पानं लावतो. आपल्याकडे पुस्तकात अजूनही ‘मुखपृष्ठ व आतील सजावट’ असं छापतात. सजावट! लग्नाच्या हॉलची असते तशी. शब्द बदलायचाच तर आधी हा बदला.

मूळ लेखिका

शंभर टक्के. नॉर्डिक कौन्सिलचं (डेन्मार्क, स्वीडन वगैरे उत्तरेकडच्या देशांच्या संयुक्त मंडळाचं) मुलांच्या आणि तरुणांच्या साहित्याचं पारितोषिक २०१३ पासून दिलं जातं. चित्रपुस्तकाला मिळालं आणि लेखक-चित्रकार वेगळे असले, तर ते दोघांचंही असतं. २०२४चं पारितोषिक याकोब मार्टिन स्ट्रिड यांच्या ‘अद्भुत बस’ या अर्थाच्या शीर्षकाच्या पुस्तकाला मिळालं. लेखनही तेच करतात आणि चित्रंही तेच काढतात. त्याआधीची त्यांची ‘भल्यामोठ्या नाशपातीची गोष्ट’ (२०१२) आमच्याकडे पाठ आहे: बाटलीतून आलेलं एक बी, त्याचं घराएवढं नाशपाती, आणि त्यात बसून निघालेले मांजर नि हत्ती. ‘बस’ मात्र मोठ्या आकाराचं आणि जाडजूड आहे. मांडीवर मावत नाही, जमिनीवर पालथं पडून वाचावं लागतं. अशा पुस्तकाच्या चित्रांना सजावट म्हणणं हा त्या माणसाच्या कित्येक वर्षांच्या कामावर अन्याय आहे. ‘चित्रं’ एवढं छापलं तरी पुरे.

आता माझी खरी अडचण. दोन पुस्तकं आहेत, दोन्ही मृत्यूबद्दलची.

पहिलं किम फुप्स ओकसन यांचं, चित्रं स्वीडनच्या एवा एरिक्सन यांची, २००४चं. शीर्षकाचा अर्थ ‘मग आजोबा भूत झाले’. एस्बेन नावाच्या मुलाचे आजोबा वारतात आणि रात्री त्याच्या खोलीतल्या कपाटावर येऊन बसतात. काहीतरी करायचं राहिलंय, पण काय ते त्यांना आठवत नाही. मूळ शब्द ‘फारफार’, म्हणजे ‘बाबाचा बाबा’. आईचे वडील ते ‘मोरफार’. हिंदीत दादा आणि नाना आहेत. आपल्याकडे दोन्ही बाजूंना आजोबाच, त्यामुळे ते नातं हातातून निसटतं. पण पुढची जागा मराठीत अशी चपखल बसते की मला नवल वाटलं. ‘काहीतरी राहिलंय’ हे सांगताना मी न ठरवता म्हणून गेले, ‘त्यांचा जीव अडकला होता.’ ज्या भाषेत कावळा शिवला नाही की ‘कशात जीव अडकलाय’ असं विचारतात, तिला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. राहिलेलं असतं ते एवढंच: नातवाचा निरोप घ्यायचा.

दुसरं ग्लेन रिंगट्वेड यांचं, चित्रं शार्लोट पार्डी यांची. चार भावंडं आणि त्यांची आजी. आजीला न्यायला मृत्यू येतो. मुलं घाबरू नयेत म्हणून हातातलं हत्यार दाराबाहेर ठेवून येतो. उजाडलं की त्याला रिकाम्या हाताने परतावं लागेल अशा आशेने मुलं त्याला रात्रभर कॉफी पाजत राहतात. शेवटी तो आपला हाडांचा हात कपावर आडवा धरतो. पंगतीत वाढपी तिसऱ्यांदा आला की आपण ताटावर धरतो तसाच. इथे माझ्या मुलीला एक अक्षरही सांगावं लागलं नाही. ‘बास म्हणतोय’, ती म्हणाली.

प्रश्न असा की, या पाहुण्या मृत्यूला म्हणू काय? ‘यम’ म्हटलं की रेडा आणि पाश आले, आणि चित्रात तर काळ्या झग्यातला, थकलेला, कॉफी पिणारा पाहुणा आहे. चित्रपुस्तकाचं भाषांतर करताना चित्रच पहारा देतं. ‘मृत्यू’ जड वाटतो, ‘मरण’ नपुंसकलिंगी, त्याला खुर्चीवर बसवता येत नाही. हत्याराचंही तेच. ‘विळा’ म्हणावं तर चित्रातला दांडा माणसाच्या उंचीचा.

आणि शीर्षक! ‘ग्रेद ब्लोत येर्ते’. ग्रेद म्हणजे रड, येर्ते म्हणजे हृदय. मधला ‘ब्लोत’ इवलासा, ‘फक्त, नुसतं’ अशा अर्थाचा, पण इथे त्याचं काम परवानगी देण्याचं आहे. इंग्रजी अनुवादाला २०१७ मध्ये अमेरिकेतलं, अनुवादित बालपुस्तकांसाठीचं बॅचेल्डर पारितोषिक मिळालं. त्याच्या शीर्षकात ‘पण कधी तुटू नकोस’ हे शब्द आले, पण हा ‘ब्लोत’ मात्र गळला.

प्रतिसाद

मी निवृत्त शिक्षिका आहे. ‘खुशाल’ चालेल का बघा. ‘खुशाल रड, काळजा.’ ‘हृदया’ नको, ते भावगीतातलं होतं. आणि मृत्यूला ‘पाहुणा’च म्हण ना, मुलांना चित्र बघून कळेलच कोण ते. हत्याराला ‘लांब दांड्याचा विळा’. आपल्याकडे गवत उभ्याने कापत नाहीत, मग त्याला नाव कुठून असणार?

मूळ लेखिका

बाई, ‘खुशाल’! गेले तीन आठवडे शोधत होते. त्यात परवानगी आहे आणि मायाही आहे. ‘पाहुणा’ही घेतला.

प्रतिसाद

‘चित्रपुस्तक’ला माझं मत. पण सगळीच लहानांसाठी नसतात ना? तिथली काही फार जड विषयांची असतात असं ऐकलंय.

मूळ लेखिका

असतात. ऑस्कर के. आणि डॉर्टे कारेबेक या जोडीचं २०११चं ‘छावणी’ नाझी छळछावण्यांची सावली घेऊन येतं. ते मी मुलीपुढे अजून उघडलेलं नाही, वरच्या फळीवर आहे. असल्या पुस्तकांसाठी डॅनिशमध्ये ‘आलआल्डर’ शब्द रुळलाय, म्हणजे ‘सर्व वयांचं’ साहित्य. आपल्याकडे बालसाहित्य आणि कुमारसाहित्य अशा वयाच्या पायऱ्या आहेत, आणि चित्रं दिसली की पुस्तक आपोआप सर्वांत खालच्या पायरीवर जातं. ‘आबालवृद्ध’ हा तयार शब्द असताना तो आपण फक्त जत्रांच्या बातम्यांत वापरतो. ‘आबालवृद्धांसाठी चित्रपुस्तक’ असं मुखपृष्ठावर छापलेलं मला बघायचंय.

एक शब्द राहिलाच. समोरासमोरच्या दोन पानांना डॅनिशमध्ये ‘ओपस्लाग’ म्हणतात, उघडल्यावर एकदम दिसतं ते. चित्रपुस्तकाचा हिशेब पानांत नाही, यातच होतो. छापखान्यातले दादा, तुमच्याकडे ‘स्प्रेड’च म्हणतात की ‘जोडपान’ कुणी म्हणतं?